आगरमाळ लीगची पहिली वही

१

लीगच्या ऑफिसातलं कपाट उघडलं तेव्हा आत तांबडं फडकं होतं. वही नव्हती.

फडक्याच्या नीट चार घड्या घातलेल्या होत्या. मैदान राखणाऱ्या यल्लाप्पानं ते उचललं, झटकलं, खालचा कप्पा पाहिला, वरचा पाहिला. मग किल्ल्यांचा जुडगा हातात तसाच धरून तो माया बनसोडेकडे बघत राहिला.

"सोमवारी मिटिंग झाल्यावर तुज्यासमोर कुलूप लावलं हुतं का न्हाई, यव्वा?"

"लावलं होतं, मामा. मी ओढून बघितलं होतं."

गुरुवारची सकाळ होती. रविवारी लीगला पन्नास वर्षं पुरी होणार होती.

जत तालुक्याच्या पार पूर्वेला, जिथून कर्नाटकाची हद्द सायकलवर वीस मिनिटांवर आहे, तिथं आगरमाळ नावाचं गाव आहे. सबंध जिल्ह्यात कुणी खेळत नाही असा एक खेळ या गावात खेळतात. बहात्तरच्या दुष्काळात परदेशी मदतीतून बोअर मारायचं मशीन आलं, त्यावर केविन नावाचा ऑस्ट्रेलियन मिस्त्री होता. रोजगार हमीवर खोदलेल्या, कधीच न भरलेल्या तलावात तो संध्याकाळी अंड्याच्या आकाराचा चेंडू लाथाडायचा. गावच्या पोरांनी तो खेळ उचलला. तलावही अंडाकृती, चेंडूही. पंच्याहत्तर साली, बक्षिसाला पितळी घागर ठेवून, तीन संघांची लीग सुरू झाली: गावठाणाचा जय हनुमान, बुद्धवस्तीचा नवज्योत आणि हद्दीवरच्या वस्तीचा बसवेश्वर. आज नऊ संघ होते आणि त्यांतले तीन मुलींचे.

बुद्धवस्तीतली माया गावची पोस्टमास्तर आणि लीगची पहिली बाई पंच. बारा वर्षं ती शिट्टी वाजवत होती. रविवारच्या सोहळ्यात लीगच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं. तलावातल्या मैदानाला पहिल्या विजेत्या कप्तानाचं, म्हणजे जय हनुमानच्या कै. भाऊसोंचं नाव दिलं जाणार होतं. मायानं सोमवारच्या मिटिंगमध्ये एवढंच सुचवलं होतं की पुस्तकाशेजारी काचेच्या पेटीत पंच्याहत्तर सालच्या सामन्यांची पहिली वही ठेवावी, जय हनुमान आणि नवज्योत यांच्यातल्या पहिल्या फायनलचं पान उघडून. कुणी हरकत घेतली नव्हती.

अर्ध्या तासात लीगचे अध्यक्ष लालासाहेब आले. भाऊसोंचा थोरला मुलगा. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, एके काळचा नावाजलेला खेळाडू. त्यांनी रिकाम्या कप्प्याकडे एकदाच पाहिलं.

"किल्ल्या दोनच. एक यल्लाप्पाच्या कमरेला, एक माझ्या घरात."

"मी मंगळवारी डोळं दाखवाय मिरजंला गेलतो," यल्लाप्पा म्हणाला. "किल्ली माज्यासंगंच हुती. काल सांजंला आलो."

लालासाहेब मायाकडे वळले. ऑफिसात तोवर चारपाच जण जमले होते.

"वही बाहेर काढायची सूचना तुमची हुती, मायाताई. त्या पानाचं तुमच्या वस्तीला पहिल्यापासनं वाईट वाटतंय, हे गावाला म्हायती हाय. मी कुणाचं नाव घेत न्हाई. पर वही घावली न्हाई, तर रविवारच्या फायनलला पंच दुसरा बघावा लागंल."

 मायाचा आवाज चढला नाही.

"वही मी शोधते, लालासाहेब. आणि रविवारी मैदानात मीच उभी असणार. ज्याला थांबवायचं त्यानं तिथं येऊन थांबवावं."

२

मायाचे वडील मिलिंद अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. अडुसष्ट वर्षांचा उंच, काटक माणूस. पंच्याहत्तर साली नवज्योतचा कप्तान हाच होता, वय वर्षं अठरा.

मायानं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. सांगलीचे निवृत्त प्राध्यापक सौमित्र सर यांनी ते लिहिलं होतं आणि सोमवारीच छापखान्यातून खोकी आली होती. तेविसाव्या पानावर फोटो होता. खाली छापलं होतं: 'पहिल्या वहीतील अंतिम सामन्याचे मूळ पान.' पिवळट कागद, शाईचं वळणदार अक्षर.

'जय हनुमान: ७ गोल, ५ कडा, एकूण ४७. नवज्योत: ६ गोल, ९ कडा, एकूण ४५.'

आगरमाळचं लहान पोरही हा हिशोब जाणतं. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर गोल, त्याचे सहा गुण. मधला खांब आणि कडेचा खांब यांच्यामधून गेला तर ती कड, तिचा एकच गुण. मायानं बेरीज करून पाहिली. दोन्ही बेरजा बरोबर होत्या.

मिलिंदनी चष्मा लावून पान वाचलं आणि ते हसले. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ.

"अक्षर लय चांगलं हाय," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही हरला होता का?"

"पुस्तकात तसंच हाय की."

"मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

"हे बघ माया. त्या खेळात झेल घेतला की झेल घेणाऱ्याला कुणी हात लावायचा न्हाई, असा नियम हाय. आमाला हात न लावणं गावाला नवं न्हवतं. पर मान म्हणून न लावणं, ते पहिल्यांदा त्या तलावात बघितलं. गावठाणाची पोरं मागं सरून उभी ऱ्हायची आणि मी निवांत चार पावलं मागं जाऊन लाथ मारायचो. तेवढं मला पुरलं. बाकीचं मी सांगितलं तर म्हातारा आपल्या तोंडानं आपलं कौतुक करतोय म्हणतील. पन्नास वर्षं म्हणत आल्यात. आता वहीलाच सांगू दे."

"वहीच नाहीये."

"मग शोध." त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "एवढं सांगतो. हे पान लिवणाऱ्यानं आमचं मैदान बघितलेलं न्हाई."

३

सौमित्र सर शाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले होते. पांढरा झब्बा, मृदू आवाज. मायाला खुर्ची देऊन ते स्वतः कॉटवर बसले.

"फार वाईट झालं. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पानाचा फोटो पुस्तकात आहे, इतिहास सुरक्षित आहे."

"फोटो तुम्ही स्वतः काढला?"

"मीच. श्रावणात. लालासाहेबांकडून किल्ली घेतली, ऑफिसातल्या खिडकीशी उजेडात वही धरली आणि फोटो काढला. सगळी वही चाळली मी त्या दिवशी."

"किल्ली परत केली?"

"त्याच दुपारी." ते थोडे ताठ झाले. "म्हणजे मी किल्ली बनवून घेतली असेल असं सुचवताय का?"

"सुचवत नाही, सर. विचारते."

"मला त्या वहीचं आता काय करायचंय? माझं काम झालंय." ते हसले. "आणि खरं सांगू? वहीची गरज तशी नव्हतीच. पहिला विजेता कोण, हे गावात कुणालाही विचारा."

माया दारापर्यंत गेली आणि थांबली.

"माझ्या वस्तीत विचारलंत?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "वेळ कमी होता हो," ते म्हणाले.

शाळेतून ती तडक ऑफिसात गेली. कपाट अजून उघडंच होतं. ते तांबडं फडकं हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. फडक्यावर चौकोनी वळ उमटला होता. वही कित्येक वर्षं या फडक्यात गुंडाळून तिथं ठेवलेली होती. पोस्टात रोज दीडशे पाकिटं तिच्या हातून जात. दुसऱ्याचं पाकीट पळवणारा माणूस ते पाकीट उघडून, कव्हर नीट घडी करून जागेवर ठेवत नाही. अख्खंच उचलतो.

मग इथं फडकं का राहिलं?

४

शुक्रवारी दुपारी लालासाहेब मैदानावर मांडवाच्या कामावर सापडले. 'कै. भाऊसो क्रीडांगण' लिहिलेली कमान जमिनीवर आडवी पडली होती. माणसं तिला दोर बांधत होती.

"घावली का वही?"

"नाही. तुम्ही शेवटची कधी बघितली?"

"मी? मी ती कवा उघडलीच न्हाई. आमचे आबा असताना ते हात लावू देत न्हवते आणि आबा गेल्यावर मला धीर झाला न्हाई." त्यांनी घाम पुसला. "खोटं वाटंल तुमाला."

"भाऊसोंनी खेळ का सोडला, लालासाहेब? पहिल्याच वर्षी जिंकलेला वीस वर्षांचा कप्तान. पुन्हा कधी चेंडूला पाय लावला नाही म्हणतात."

"गुडघा दुखावला हुता."

"कुणी सांगितलं?"

"सगळीच सांगतात." लालासाहेबांनी कमानीकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "बोलत न्हवते ते त्या सामन्याबद्दल. एक शबूद न्हाई. दोन गोलांचा तर फरक. एवढ्यासाठी माणूस जन्मभर गप बसतोय, सांगा बरं."

"जिंकलेला माणूस?"

लालासाहेब दचकल्यासारखे झाले. "जिंकलेला, हरलेला... गप बसणारा गपच बसतो. तुमी जावा आता, मायाताई. आणि रविवारचं मी बोललोय ते बोललोय."

"मीही बोललेय ते बोललेय."

ती तलावाच्या बांधावर चढली तेव्हा खालून हाक आली नाही, पण लालासाहेब काम सोडून आपल्याकडेच बघत उभे आहेत हे तिला कळलं. बारा वर्षं पंच म्हणून तिनं माणसांच्या पायांकडे बघितलं होतं. नको ते बोलून गेलेल्याचे पाय एका जागी राहत नाहीत. लालासाहेबांचे पाय अख्ख्या बोलण्यात फक्त एकदाच हलले होते. नेमके कुठल्या शब्दाला, ते तिला घरी पोचेपर्यंत आठवेना.

५

शनिवारी सकाळी यल्लाप्पा गोलखांबांना चुना फासत होता. पंच्याहत्तर साली तो बसवेश्वर संघातून खेळला होता. पुढं लीगनं त्याला मैदान राखायला ठेवलं ते कायमचंच.

माया बादली धरून उभी राहिली. ब्रश वरखाली जात होता.

"मामा, मधले दोन खांब केवढे जाड आहेत. कडेचे बारीक का?"

"मधलं केवीनसायबाच्या बोअरचं पाईप हायेत. लोखंड बघ की, अजून गंजलं न्हाई. कडेचं आपलं शाळंपाशी हापसा बसवला तवाचं. उरल्यालं पाईप मीच वाहून आणलं. माज्या लग्नाच्या वर्साला."

मायाच्या हातातली बादली हिंदकळली. चुना तिच्या चपलेवर सांडला.

"तुमचं लग्न कधी झालं?"

"मला काय साल सांगता येतंय? हापशावर लिवलंय बघ."

ती पळतच शाळेपाशी गेली. हापसा कधीच बंद पडला होता, पण त्याचा सिमेंटचा ओटा शाबूत होता. ओल्या सिमेंटात कुणीतरी काडीनं कोरलेलं साल तिनं बोटानं माती खरवडून वाचलं.

१९७८.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. "मामा, त्याच्या आधी कडेला काय होतं? बांबू? दगड?"

यल्लाप्पानं ब्रश थांबवला. "काय न्हवतं. वारं हुतं."

माया तिथंच बांधावर बसली. पुस्तक उघडून नववं पान काढलं, एक वाक्य दोनदा वाचलं. मग तिला शुक्रवारची दुपारही आठवली, आणि ज्या शब्दाला लालासाहेबांचे पाय हलले होते तो शब्दही.

"मामा, चार वाजता ऑफिस उघडा. सगळ्यांना बोलावते."

"वही घावली?"

"वही नाही. पण दोन माणसं सापडली."

६

चार वाजता ऑफिसात लालासाहेब, सौमित्र सर, यल्लाप्पा आणि कमिटीची तीन माणसं होती. मायानं वडिलांनाही सोबत आणलं होतं. मिलिंद दारापाशी उभे राहू लागले तेव्हा तिनं स्वतः खुर्ची ओढून त्यांना टेबलाशी बसवलं.

"सर, पान नऊ. शेवटचं वाक्य वाचाल?"

सौमित्र सरांनी चष्मा पुसून वाचलं. "'जाताना केविनने एक चेंडू, नियमांचा एक कागद आणि बोअरचे चार पाईप मागे ठेवले. याच चार खांबांवर पहिली लीग उभी राहिली.'"

"चांगलं लिहिलंय. मैदानाला टोकं किती?"

"दोन."

"मग एका टोकाला खांब किती?"

सरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"दोन," माया म्हणाली. "मधले दोन. कडेचे खांब अठ्ठ्याहत्तर साली आले. शाळेपाशी हापशावर साल कोरलंय, खांब यल्लाप्पामामांनी वाहून आणलेत, इथंच आहेत, विचारा. कडेला खांबच नाहीत तर कड कुठून होणार? पंच्याहत्तर सालच्या कुठल्याही सामन्यात एकही कड होऊ शकत नाही. नुसते गोल. म्हणजे कुठल्याही संघाचे गुण सहाच्या पाढ्यातच यायला हवेत. सत्तेचाळीस येत नाहीत. पंचेचाळीस येत नाहीत. हे पान त्या वहीतलं नाही."

कमिटीतल्या एकानं पुस्तक ओढून घेतलं.

"आणि ज्यानं हे पान लिहिलं त्यानं वही कधी उघडलेलीच नव्हती," माया म्हणाली. "एक पान जरी बघितलं असतं तरी कडेचा रकाना नाही हे दिसलं असतं. सर, तुम्ही म्हणालात सगळी वही चाळली."

सौमित्र सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किल्ली घेतली होती," ते अखेर म्हणाले. "पण जेवण लांबलं, सांगलीची चारची बस होती. म्हटलं, पुढच्या खेपेला. पुढची खेप झालीच नाही. छापखान्याला पान हवं होतं. माझ्याकडे वडिलांची जुनी कोरी वही होती, तिच्यात लिहिलं. मला वाटलं, निकाल तर सगळ्यांना ठाऊक आहे. पान काय वेगळं सांगणार?"

"सगळ्यांना म्हणजे कुणाला, सर?"



"आणि आता उघडं पडायचं म्हणून भिऊन वही लंपास केली," कमिटीतला एक जण उसळून म्हणाला. "मास्तर, कुठं हाय ती?"

"मी वहीला हातही लावलेला नाही!" सर जवळजवळ ओरडले. "आयुष्यात नाही!"

"खरं बोलतायत ते," माया म्हणाली.

७

तिनं तांबडं फडकं टेबलावर ठेवलं.

"चोरून न्यायचं असतं तर फडक्यासकट नेलं असतं. लपवायलाही सोपं. ज्यानं नेली त्यानं आधी फडकं सोडलं, म्हणजे त्याला न्यायची नव्हती, वाचायची होती. वाचली. आणि वाचल्यावर परत ठेवायचं बळ राहिलं नाही. पण फडक्याच्या घड्या मात्र नीट घातल्या. त्या वहीचा मान ठेवणारा माणूस होता तो."

ती लालासाहेबांकडे वळली.

"छापलेल्या पानावर सत्तेचाळीस–पंचेचाळीस आहे. म्हणजे दोन गुणांचा फरक. काल तुम्ही मला म्हणालात, 'दोन गोलांचा तर फरक.' दोन गोल म्हणजे बारा गुण, लालासाहेब. वीस वर्षं खेळलेला माणूस गुणाला गोल म्हणत नाही. तुम्ही ते पुस्तकात वाचलं नाही. पुस्तकात ते नाहीच. मंगळवारी यल्लाप्पामामा मिरजेत असताना तुम्ही तुमच्या किल्लीनं हे कपाट उघडलंत."

बाहेर मांडवाच्या खांबांवर ठोके पडत होते. लालासाहेब उठले आणि एक शब्द न बोलता बाहेर गेले. कमिटीचा एक जण मागं धावायला लागला, मायानं हातानं थांबवलं.  पंधरा मिनिटांनी त्यांची जीप परत आली.

त्यांच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली वही होती. त्यांनी ती मिलिंदपुढे ठेवली.

"सोमवारी मायाताई म्हणाल्या पान उघडून ठेवू. म्हटलं, लोकांच्या आधी आपल्या बापाचं पान आपण बघावं. आनंदानं आलतो." त्यांनी उघड्या कपाटाकडे बोट दाखवलं. "हितंच उभा ऱ्हाऊन वाचलं."

"मोठ्यानं वाचा," माया म्हणाली.

"मायाताई..."

"मला चार माणसांत चोर ठरवलंत. ते चार माणसांतच वाचा."

लालासाहेबांनी वही उचलली. 

"'अंतिम सामना. नवज्योत नऊ गोल, जय हनुमान सात गोल. नवज्योत जिंकली. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी सामना पुन्हा घ्यायचा म्हणून घागर चावडीत नेऊन ठेवली. हे मला मान्य नाही. आम्ही हरलो आहोत. घागर नवज्योतची आहे. ती त्यांना मिळेपर्यंत मी खेळणार नाही. सही, भाऊसो.'"

यल्लाप्पा डोळे पुसू लागला. डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हणून सांगितलेलं तो विसरला होता.

"मला आबा गप का, ते कवा कळलं न्हाई," लालासाहेब म्हणाले. "बापानं हरलो म्हणून लिवून ठेवलं आणि मी त्यास्नी विजेता म्हणून कमान बांधली. काय करावं सुचंना. जाळायला हात हुईना. दाखवायला तोंड हुईना. तेवढ्यात तुमाला बोललो. ते मातूर नीच काम झालं."

मिलिंद वहीच्या पानावरून बोट फिरवत होते. सहीवर ते थांबलं.

"दुसऱ्या दिवशी भाऊसो वस्तीत आलता," ते म्हणाले. "आमच्या दारात. पाणी मागून प्याला. बोलला, 'मिलिंदा, मी लिवलंय. लिवलेलं कोण खोडतंय बघू.' सामना काय परत झाला न्हाई, घागर गावठाणातच ऱ्हायली आणि गाव जय हनुमान जिंकला म्हणाय लागलं. लिवलेलं कुणी खोडलं न्हाई. फकस्त कुणी उघडलंच न्हाई."

"मिलिंदतात्या, मैदानाला तुमचं नाव देऊ," लालासाहेब म्हणाले. "उद्याच. कमानीवर रंग मारतो."

"नको."

मिलिंदनी वही मिटली.

"मला एकट्याला घेऊन गावानं मोकळं व्हायचं, असं न्हाई चालणार. पंधरा जण हुतो. पंधराच्या पंधरा नावं त्या माईकवर, सगळ्या गावासमोर. आदी ती. मग कमानीचं काय ते बघा."

"आणि सर," माया म्हणाली, "तेविसावं पान बदलल्याशिवाय एक पुस्तक खोक्याबाहेर येणार नाही. प्रस्तावनेत तुम्ही काय केलंत तेही छापायचं. तुमच्याच शब्दांत."

सौमित्र सरांनी मान खाली घातली. "छापतो," ते म्हणाले.

८

रविवारी दहा वाजता तलावाचा बांध माणसांनी भरला होता. जत, लोणंद, साताऱ्याहून जुने खेळाडू आले होते. गावठाणाची माणसं एका अंगाला बसली होती, वस्तीची दुसऱ्या, नेहमीसारखीच.

लालासाहेब माईकपाशी गेले. भाऊसोंनी लिहिलेलं त्यांनी शब्दन् शब्द वाचलं. मग म्हणाले, "वही मी नेली हुती, आणि आळ मायाताईंवर घेतला. मी त्यांची माफी मागतो." गावठाणाच्या बाजूनं एक म्हातारा तावातावानं उठून निघून गेला. आणखी दोघे त्याच्यामागं गेले. बाकीचे बसून राहिले.

मग मायानं वही हातात घेतली. पंधरा नावं तिथंच होती, नवज्योतच्या रकान्यात, एकाखाली एक.

"हरिबा."

हरिबा वारून अकरा वर्षं झाली होती. वस्तीच्या बाजूनं त्याची बायको उठली. पदर सारखा करून ताठ उभी राहिली.

"अर्जुना."

अर्जुनाची नात त्या दिवशी मुलींच्या फायनलला खेळणार होती. ती खेळाच्या कपड्यांतच बांधावरून खाली उतरली आणि मैदानाच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिच्यामागून हरिबाची बायकोही चालत आली.

एकेक नाव, एकेक माणूस. कुणाचा भाऊ, कुणाची सून, दोघे स्वतःच, काठी टेकत. आठव्या नावाला माया थांबली.

"सिद्राम."

कुणी उठलं नाही. सिद्राम ऐंशीच्या दशकात मुंबईला गिरणीत गेला आणि परत आला नाही. त्याच्या मागं कुणी उरलं नव्हतं. मायानं पुन्हा नाव घेतलं. बांधावर कुजबूज झाली आणि थांबली.

मग चुन्याचे डाग पडलेला सदरा घातलेला यल्लाप्पा खांबापाशी उठला.

"त्यो मला तीनदा चकवून गोल मारून गेलता," तो मोठ्यानं म्हणाला. "त्याच्या जागी मी हुबा ऱ्हातो. कुणाची हरकत असंल तर हितं येऊन सांगा."

कुणी आलं नाही. यल्लाप्पा चालत जाऊन रांगेत उभा राहिला.

नववं, दहावं, चौदावं. शेवटचं नाव मायानं बाकीच्यांसारखंच वाचलं, आवाज न बदलता.

"मिलिंद. कर्णधार."

मिलिंद रांगेत गेले नाहीत. ते सरळ माईकपाशी आले, लेकीच्या हातून माईक घेतला आणि गावठाणाच्या बाजूकडे तोंड केलं. 

"आमी जिंकलो हुतो," ते म्हणाले.